पाण्यातून येणारी रोगकारक बुरशी डीएनएवरून झटपट ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याचे नमुने तपासणारे तंत्रज्ञ, रुग्णालयांत संसर्ग-नियंत्रण सांभाळणारे, मासे आणि बेडकांवर काम करणारे अभ्यासक, बुरशीशास्त्राचे विद्यार्थी या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात आहे, अडचणीचे अपवाद पुढे येतात. एका उत्तरात सांगितलेले दुसरीकडे परत सांगितलेले नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाण्यात बुरशी तर असतेच. मग त्यातली काळजी करण्यासारखी कोणती?

पाण्यात सापडणारी बहुतेक बुरशी निरोगी माणसाच्या वाटेला जात नाही. लक्ष ठेवायचे ते ॲस्परजिलस फ्युमिगेटस, फ्युजेरियम (त्यातही सोलानी आणि ऑक्सिस्पोरम गट), एक्झोफियालासारखी काळी यीस्ट, कँडिडा पॅराप्सिलोसिस आणि म्युकोरेल्स (म्युकरमायकोसिस घडवणारा बुरशीगट) यांच्यावर. बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या फुप्फुसात आणि तिथून मेंदूत शिरणारे सेडोस्पोरियमही या यादीत हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोगकारक बुरशींची प्राधान्ययादी काढली. तिच्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे. फ्युजेरियम, म्युकोरेल्स आणि कँडिडा पॅराप्सिलोसिस त्याखालच्या गटात आहेत.

खरा धोका पांढऱ्या पेशी घटलेल्यांना, अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांना, भाजलेल्यांना आणि डोळ्याला इजा झालेल्यांना असतो. पाणी पिण्यापेक्षा शॉवरचे तुषार श्वासात जाणे आणि उघड्या जखमेला पाणी लागणे, हे मार्ग जास्त घातक.

२. प्लेटवर वाढवून ओळखता येते, मग डीएनए कशाला?

प्लेटवर जो वेगाने वाढतो तो बाकीच्यांना झाकून टाकतो. ट्रायकोडर्मा किंवा रायझोपस दोन-तीन दिवसांत सगळी प्लेट व्यापतात आणि आठवडाभराने उगवणारी एक्झोफियाला दिसतच नाही. शिवाय काही बुरशी प्लेटवर बीजाणूच धरत नाहीत, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे कशावरून?

तरीही कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवणे, बंद करू नका. औषध लागू पडते का हे तपासायला आणि रुग्णातल्या बुरशीशी जुळवून पाहायला (प्रश्न १६) जिवंत बुरशी हातात लागते. एकाच नमुन्याचे दोन फिल्टर करावेत, एक प्लेटवर ठेवावा आणि एक डीएनएसाठी.

३. 'झटपट' म्हणजे नेमका किती वेळ?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवणे, क्यूपीसीआरमध्ये त्या वाढतानाच मोजल्या जातात. थेट पाण्यातून क्यूपीसीआर केली तर गाळणे अर्धा तास, डीएनए काढणे दीड ते दोन तास आणि यंत्रातला वेळ एक ते दीड तास. सकाळी आलेल्या नमुन्याचे उत्तर संध्याकाळपर्यंत मिळते. मात्र ही पद्धत तुम्ही जिचा प्रोब (फक्त तिच्या डीएनएला चिकटणारा तुकडा) टाकला आहे तीच बुरशी शोधते. 'जी असेल ती सांगा' असे हवे असेल तर वसाहत वाढवून तिचे सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणे) करावे लागते. त्याला वाढीचे दिवस अधिक आणखी एक-दोन दिवस लागतात.

४. किती पाणी घ्यायचे? १०० मिलिलिटर पुरते का?

नळाच्या पाण्यासाठी सहसा पुरत नाही. समजा, लिटरमागे सरासरी १० बीजाणू आहेत. १०० मिलिलिटरमध्ये सरासरी एक येईल, पण बीजाणू विखुरलेले असल्याने तुमच्या बाटलीत एकही नसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ दर तिसरा नमुना खोटा 'निर्दोष' ठरेल. एक लिटर घेतला तर ही शक्यता जवळपास शून्यावर येते.

आता पुढचे नुकसान पाहा. एक लिटरमधले १० बीजाणू फिल्टरवर आले. प्रत्येकात रायबोसोमी जनुकाच्या अंदाजे ५० प्रती धरल्या तर एकूण ५००. डीएनए काढताना ३० टक्के हाती लागले तर १५० उरल्या, त्याही १०० मायक्रोलिटर द्रवात. त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरमध्ये घातले की नळीत पोहोचतात त्या साडेसात प्रती. सापडायला एवढ्या पुरतात, पण काठावरच. १०० मिलिलिटरचा हिशेब केला तर नळीत सरासरी एक प्रतही येत नाही. म्हणून नळाचे पाणी किमान १ लिटर घ्यावे, अतिदक्षता विभागासाठी त्याहून जास्त. डीएनए १०० ऐवजी ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवावा आणि प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या लावाव्यात.

तळ्याच्या किंवा नदीच्या पाण्यात फिल्टर तुंबतो, तिथे १०० ते २५० मिलिलिटरवर थांबावे लागते. जितके गाळले तितके मोजून लिहा. आकडा त्यावरच उभा असतो.

५. नळ आधी वाहू द्यायचा की पहिले पाणी घ्यायचे? क्लोरीनचे काय करायचे?

प्रश्न काय आहे त्यावर ठरते. तोटी, जाळी आणि शॉवर यांच्या आतल्या थरात बुरशी बसली आहे का हे पाहायचे असेल तर जाळी न काढता, निर्जंतुक न करता पहिले पाणी घ्या, आणि जाळीच्या आतून निर्जंतुक स्वॅब फिरवा. पुरवठ्याच्या पाण्याबद्दल विचारायचे असेल तर जाळी काढा, तोटी निर्जंतुक करा, पाणी वाहू द्या आणि मग बाटली धरा. दोन्ही घेणे उत्तम. पहिल्यात बुरशी आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे दोष त्या तोटीचा.

क्लोरीन बाटलीतही काम करत राहतो. तो मोडायला सोडियम थायोसल्फेट बाटलीत आधीच घालून ठेवतात. पिण्याच्या पाण्यासाठी १२० मिलिलिटरच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिलिलिटर घालावे, त्याने लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन निकामी होतो. बाटली मोठी असेल तर त्या प्रमाणात वाढवा. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून २४ तासांच्या आत गाळा. पाणी गोठवू नका, पेशी फुटून डीएनए फिल्टरमधून निघून जातो. साठवायचेच असेल तर गाळून झालेला फिल्टर उणे २० किंवा उणे ८० अंशांवर ठेवा.

६. कोणता फिल्टर वापरावा?

४७ मिलिमीटर व्यासाचा, ०.४ किंवा ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे बीजाणू २ ते ३.५ मायक्रॉनचे असतात, त्यामुळे याहून बारीक छिद्रांनी फक्त वेळ जातो. डीएनएसाठी पॉलिकार्बोनेट पसंत करावा, त्याच्या गुळगुळीत पृष्ठावरून पेशी सहज सुटतात. पाणी गढूळ असेल तर १.२ मायक्रॉन चालतो.

७. फिल्टरवर काळपट थर दिसतो, तरी डीएनए निघत नाही. कुठे चुकते?

बहुतेक वेळा पेशीभित्ती फोडण्यात. जिवाणूंसाठी चालणारा किट बुरशीला जसाच्या तसा चालत नाही. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकॅनची असते, काळ्या यीस्टच्या भिंतीत वर मेलॅनिनही असते. नुसते गरम करून किंवा प्रोटिनेज के (प्रथिने पचवणारे एन्झाइम) घालून ती पुरेशी फुटत नाही.

हमखास चालणारी रीत अशी: फिल्टरची जमा झालेली बाजू आत ठेवून गुंडाळी करा आणि २ मिलिलिटरच्या स्क्रू झाकणाच्या नळीत घाला. ०.५ मिलिमीटरचे झिर्कोनिया-सिलिकाचे मणी सुमारे ०.३ ग्रॅम आणि लायसिस बफर (पेशी फोडणारे द्रावण) ६०० मायक्रोलिटर घाला. मणी-यंत्रात ४५ सेकंद, मग बर्फात दोन मिनिटे, पुन्हा ४५ सेकंद. सलग दीड मिनिट चालवले तर नळी तापते आणि डीएनएचे तुकडे होतात. प्रोटिनेज के त्यानंतर, ५६ अंशांवर.

फोडणे जमले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. नळीतला एक थेंब काचपट्टीवर घ्या, कॅल्कोफ्लूर व्हाइट (पेशीभित्तीला चिकटून चमकणारा रंग) घाला आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. निळसर चमकणारे गोल अखंड दिसले तर मणी कमी पडले. कवचे फाटलेली, कडा तुटलेल्या दिसल्या तर काम झाले. ही दहा मिनिटांची तपासणी पुढचे दोन वाया जाणारे दिवस वाचवते.

डीएनए निघालेला असूनही पीसीआर गप्प असेल तर प्रश्न ८ पाहा.

८. डीएनए मोजला तर भरपूर आहे, पण पीसीआरमध्ये काहीच येत नाही.

भरपूर दिसणारा डीएनए जिवाणूंचाही असू शकतो, त्यावरून बुरशी किती हे कळत नाही. दुसरे कारण अडथळा. तळ्याच्या पाण्यातली ह्युमिक आम्ले आणि काळ्या बुरशीतले मेलॅनिन पॉलिमरेजला (डीएनएच्या प्रती करणाऱ्या एन्झाइमला) अडवतात.

तपासायला तोच डीएनए जसाच्या तसा आणि दहापट पातळ करून लावा. अडथळा नसेल तर पातळ नळीचा सीटी (ज्या चक्राला नळी उजळते तो आकडा) सुमारे ३.३ ने उशिरा येतो. फरक त्याहून स्पष्टपणे कमी असेल किंवा पातळ नळीच आधी उजळली, तर अडथळा पक्का. मग बीएसए (अडथळे बांधून ठेवणारे प्रथिन) घाला, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे ०.५ ते १ मायक्रोलिटर २५ मायक्रोलिटरच्या नळीत. तेवढ्यावर भागले नाही तर शुद्धीकरणाचा कॉलम पुन्हा करा. प्रत्येक नमुन्यात ओळखीचा परका डीएनए ठरावीक मात्रेत टाकून त्याचा सीटी पाहणे ही सवयच हवी. तो दोनपेक्षा जास्त चक्रांनी उशिरा आला तर त्या नमुन्याचा 'नाही' ग्राह्य धरू नये.

९. आयटीएस पुरतो की आणखी जनुके लागतात?

आयटीएस हा रायबोसोमी जनुकांमधला डीएनएचा भाग. तो बुरशीचा अधिकृत बारकोड (प्रजाती ओळखण्यासाठी ठरवलेला तुकडा) म्हणून २०१२ मध्ये मांडला गेला आणि सुरुवात त्यानेच करावी. आयटीएस१ आणि आयटीएस४ या १९९० पासून वापरात असलेल्या प्रायमरांसाठी (वाढवायच्या भागाच्या टोकांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) २५ मायक्रोलिटरची नळी पुरते: दुप्पट तीव्रतेचे मास्टर मिक्स १२.५, दहा मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी १, डीएनए २, बाकी पाणी. ९५ अंशांवर ३ मिनिटे, मग ३५ चक्रे (९५ अंशांवर ३० सेकंद, ५५ वर ३० सेकंद, ७२ वर १ मिनिट), शेवटी ७२ वर ७ मिनिटे. बँड (वाढलेल्या डीएनएचा जेलवर दिसणारा पट्टा) बहुधा ५०० ते ७०० बेसच्या दरम्यान येतो.

पण पाण्यात वारंवार सापडणाऱ्या दोन गटांतच आयटीएस कमी पडतो. फ्युजेरियमसाठी टीईएफ१ आणि आरपीबी२ ही जनुके, ॲस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन किंवा बीटा-ट्युब्युलिन लागते. यीस्टसाठी मोठ्या रायबोसोमी घटकाचा डी१-डी२ भाग चांगला चालतो.

१०. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स साठ्यातल्या नोंदींशी ताडणाऱ्या साधनात) १०० टक्के जुळले. आता तरी नाव पक्के ना?

नाही. आधी जुळणी किती लांबीवर झाली ते पाहा. २०० बेसवरची १०० टक्के जुळणी काही सांगत नाही. मग जुळलेली नोंद कोणाची आहे ते बघा. सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत, म्हणून मूळ प्रकार-नमुन्यावरून (ज्यावरून प्रजातीचे वर्णन झाले त्यावरून) केलेल्या नोंदींशी आणि युनाइटसारख्या निवडक साठ्याशी ताडून पाहा.

ॲस्परजिलस लेंट्युलस २००५ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून वर्णन झाली. आयटीएसवर ती फ्युमिगेटसपासून विश्वासाने वेगळी काढता येत नाही. बीटा-ट्युब्युलिनवर मात्र ती लगेच सुटते. हा फरक कागदापुरता नाही, कारण लेंट्युलस अनेक बुरशीनाशकांना कमी दाद देते. आयटीएसच्या जोरावर 'फ्युमिगेटस' लिहून मोकळे झालात तर डॉक्टर चुकीच्या गृहीतावर औषध निवडतील. एकाच जनुकावर काम केले असेल तर 'फ्युमिगेटी विभाग' किंवा 'फ्युजेरियम सोलानी समूह' इथवरच थांबा.

सिक्वेन्सच्या आलेखातली शिखरे अर्ध्यापर्यंत स्वच्छ आणि पुढे अचानक दुहेरी होत असतील, तर वसाहत मिश्र असेलच असे नाही. एकाच पेशीतल्या आयटीएस प्रतींत एखाद्या बेसची भर किंवा गळती असली की असेच दिसते. उलट्या प्रायमरने वाचून दोन्ही बाजू जोडा.

११. पाणी घातलेल्या कोऱ्या नळीतही बँड येतो. काय करू?

त्या फेरीचे सगळे निकाल बाजूला ठेवा. मग दूषितपणा कुठून आला ते शोधा, आणि त्यासाठी तीन वेगळ्या कोऱ्या नळ्या लागतात: नमुना घेण्याच्या जागी निर्जंतुक पाणी भरून आणलेली, डीएनए काढतानाची आणि फक्त पीसीआरची. फक्त पहिली उजळली तर बाटली किंवा हवा. पहिल्या दोन्ही उजळल्या तर फिल्टर-संच किंवा किट. तिन्ही उजळल्या तर पीसीआरचे साहित्य.

बुरशीच्या बाबतीत खास दोन गोष्टी. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सदैव असतात, म्हणून फनेल उघडे ठेवू नका. आणि पेशीभित्ती पचवणाऱ्या एन्झाइमांत बुरशीचाच डीएनए आढळलेला आहे, तेव्हा नवा लॉट आधी कोरा चालवून पाहा. ओटा ब्लीचने पुसा, पण ग्वानिडिन असलेल्या लायसिस बफरवर ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

१२. सीटीवरून लिटरमागे किती बीजाणू आहेत ते सांगता येईल?

अंदाज सांगता येईल, मोजणी नव्हे. प्रमाण-रेषेचा (ठाऊक मात्रेच्या डीएनएवरून काढलेल्या सीटीच्या रेषेचा) उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये हवा, आदर्श उणे ३.३२. पण रेषा कितीही सुरेख आली तरी आयटीएसच्या प्रती प्रजातीगणिक, इतकेच काय, एकाच प्रजातीच्या वाणागणिक बदलतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटसमध्ये त्या ३८ ते ९१ मोजल्या गेल्या आहेत. म्हणजे तोच सीटी दोन वाणांत दुपटीहून जास्त फरकाचे बीजाणू दाखवू शकतो. तंतूच्या एका तुकड्यात तर अनेक केंद्रके असतात. आकडा 'लिटरमागे जनुक-प्रती' असाच द्यावा. एकप्रती जनुक घेतले तर मोजणी सुधारते, पण संवेदनशीलता घसरते. प्रश्न ४ मधला हिशेब ५० ऐवजी १ घालून करून पाहा.

१३. क्लोरीनने मेलेली बुरशीही पीसीआरमध्ये 'आहे' दाखवते का?

हो, आणि निर्जंतुकीकरणानंतरच्या तपासणीत हीच सर्वांत मोठी फसगत होते. उपाय पीएमए. हा रंग फक्त पटल फाटलेल्या पेशीत शिरतो आणि निळ्या प्रकाशात तिथल्या डीएनएला कायमचा चिकटतो, मग तो वाढवता येत नाही. फिल्टरवरचा जमाव थोड्या बफरमध्ये सोडवा, पीएमए ५० मायक्रोमोलर होईल इतके घाला, १० मिनिटे अंधारात ठेवा, १५ मिनिटे प्रकाशात ठेवा आणि मगच डीएनए काढा. द्रव गढूळ असेल तर प्रकाश आत पोहोचत नाही.

अतिनील दिव्याने पाणी शुद्ध केले असेल तर पीएमए वापरू नका. अतिनील किरण डीएनएला इजा करतात पण पटल शाबूत राहते, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत गणल्या जातात. तिथे कल्चरच खरे.

१४. प्रयोगशाळा नसलेल्या जागी लॅम्प वापरता येईल का?

येईल. लॅम्प म्हणजे एकाच तापमानावर डीएनए वाढवण्याची पद्धत. ६० ते ६५ अंशांचा एक स्थिर तापक पुरतो आणि ३० ते ६० मिनिटांत रंग बदलतो. फिनॉल रेडसारख्या आम्लतेवर बदलणाऱ्या रंगाबाबत मात्र सावध राहा. डीएनए टीई बफरमध्ये उतरवला असेल तर त्यातले ट्रिस तयार होणारे आम्ल शोषून घेते आणि होकारार्थी नळीचाही रंग बदलत नाही. नमुना आधीच आम्लधर्मी असेल तर काही न वाढताच बदलतो. डीएनए निर्जंतुक पाण्यात उतरवा, आणि मिश्रण तयार झाल्यावर, तापवण्याआधी नळ्यांचा रंग पाहून नोंदवा. वाढ झालेली नळी उघडायची नाही. लॅम्पमध्ये तयार होणारा डीएनए इतका असतो की एक उघडी नळी पूर्ण खोली दूषित करते.

१५. पिथियम, सॅप्रोलेग्निया आणि बेडकांवरची कायट्रिड हीच चाचणी पकडेल का?

पिथियम इन्सिडिओसम, सॅप्रोलेग्निया आणि ॲफॅनोमायसीस दिसतात बुरशीसारखी, पण ती ऊमायसीट (बुरशीहून वेगळ्या कुळातले जीव) आहेत. आयटीएस१ आणि आयटीएस४ त्यांनाही वाढवतात. त्याऐवजी बुरशीकडे झुकणारा आयटीएस१एफ वापरला तर ती निसटू शकतात. पिथियम ओळखणे रुग्णासाठी निर्णायक असते, कारण त्याच्या पटलात अर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पटलातला घटक) नसते आणि त्यावर चालणारी नेहमीची औषधे तिथे फारशी लागू पडत नाहीत. र्‍हायनोस्पोरिडियम सीबेरी तर बुरशीही नाही आणि ऊमायसीटही नाही. ते कल्चरमध्ये वाढत नाही, त्यामुळे थेट ऊतीतून १८एस रायबोसोमी जनुकावर जावे लागते.

बेडकांवरची कायट्रिड, म्हणजे बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, ही खरी बुरशी आहे. १९९९ मध्ये तिचे वर्णन झाले, सॅलॅमँडरांवरच्या तिच्या बहिणीचे २०१३ मध्ये. तिचे ३ ते ५ मायक्रॉनचे पोहणारे बीजाणू बिनभिंतीचे असतात. जोरदार व्हॅक्यूमने ते फिल्टरवरच फुटतात, म्हणून ओढ मंद ठेवा. प्राण्याच्या त्वचेवरचा स्वॅब पाण्यापेक्षा भरवशाचा.

१६. पाण्यात आणि रुग्णात एकच प्रजाती निघाली. म्हणजे संसर्ग पाण्यातूनच?

प्रजाती जुळणे हा पुरावा नव्हे. ॲस्परजिलस फ्युमिगेटस सगळीकडेच असते. तिच्यासाठी ९ मायक्रोसॅटेलाइट खुणांची (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची) चाचणी करावी, फ्युजेरियमसाठी शक्यतो पूर्ण जीनोम. असंबंधित वाण सहसा वेगळे निघतात, त्यामुळे सर्व खुणा जुळल्या तर दुवा भक्कम. न जुळल्यास मात्र पाणी निर्दोष ठरत नाही. एका तोटीत अनेक वाण नांदतात, तेव्हा जागेमागे एकच वसाहत तपासू नका, निदान दहा उचला. आणि दिशा तपासा, कारण रुग्णाकडून बेसिनच्या निचऱ्यात गेलेली बुरशीही तशीच जुळते. रुग्ण दाखल होण्याआधीचा पाण्याचा नमुना जपलेला असेल तर त्याचे मोल मोठे.

हाताशी डीएनए असताना सीवायपी५१ए जनुकातला टीआर३४/एल९८एच बदलही तपासून घ्यावा. तो असेल तर ॲझोल गटाची बुरशीनाशक औषधे निकामी ठरण्याची शक्यता मोठी.

१७. सरळ मेटाबारकोडिंगच केले तर?

मेटाबारकोडिंग म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या बुरशींचे बारकोड एकत्र वाचणे. पाण्यात एकूण काय काय आहे हे पाहायला ते उत्तम, रुग्णासाठी निर्णय घ्यायला नाही. आखूड आयटीएस२ (आयटीएसचा एक भाग) वाचनांवर प्रजातीचे नाव टेकत नाही (प्रश्न १०), आणि वाचनांची टक्केवारी म्हणजे पेशींची टक्केवारी नव्हे (प्रश्न १२).

१८. अहवालात 'बुरशी नाही' असे लिहू का?

'आढळली नाही' लिहा, आणि त्याच ओळीत किती लिटर गाळले, कोणती बुरशी शोधली, नळीत किमान किती प्रती सापडू शकतात आणि अडथळा-तपासणी उत्तीर्ण झाली का, हे द्या. तीन नळ्यांपैकी एकच ३८ व्या चक्राला उजळली असेल तर 'संदिग्ध' लिहून त्याच जागेचा दुप्पट पाण्याचा नवा नमुना मागवा. जुनाच डीएनए पुन्हा पुन्हा चालवून होकार किंवा नकार काढू नका.